उघडे माप

व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय दिला तो ‘व्यक्तिजीवनात आणि व्यवसायात उत्तमाचा ध्यास’ असा. या विषयावर बोलावयास उभा राहणारा गृहस्थ बहुधा यशस्वी कारखानदार असतो आणि तो आपल्या यशाची सूत्रे श्रोत्यांना सांगतो. मी कामगार संघटनेचा कार्यकर्ता. उत्तम म्हणून मिरवणाऱ्या गोष्टीचा खर्च कोणाच्या खात्यावर पडला, हे विचारण्यात माझी तीस वर्षे गेली. तेव्हा मजजवळ सूत्रे नाहीत. आपल्याच खानदेशातला थोडा इतिहास मी आपल्यापुढे ठेवणार आहे, आणि तोही मुख्यतः एका गावाचा, बोरी नदीकाठच्या अमळनेरचा. जळगाव आणि धुळे यांच्या मध्ये वसलेल्या या गावात पन्नास वर्षांच्या आत कापडाची मोठी गिरणी आली, तत्त्वज्ञानाचे मंदिर आले, साने गुरुजी आले आणि वनस्पती तुपाचा कारखानाही आला. उत्तम कशाला म्हणावे, याची इतकी निरनिराळी उत्तरे एका गावात क्वचितच सापडतील.

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. तिच्यात एक गंमत आहे. ती धंद्यांची प्रतवारी लावते. धंदा करणारा माणूस तो कसा करतो, याची चौकशी करीत नाही. शेती उत्तम म्हटली की वाईट शेतकरीही उत्तमात बसला आणि चोख कारकून कनिष्ठात! जुन्या समाजात उत्तमपणा असा जागेवरून ठरत असे. तो कामावरून ठरवायचा तर माप लागते, आणि माप आले की ते कोणाच्या हातात, हा प्रश्न आलाच.

आपल्या भागात हा प्रश्न प्रथम कापसाने उभा केला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. भाव आला तशी भेसळही आली. बोंडाचा कचरा, सरकी, माती, दगड, आणि वजन वाढावे म्हणून पाणी, असा माल गाठींत भरून जाऊ लागला. विलायतेतून तक्रारी येऊ लागल्या, तेव्हा मुंबई सरकारने १८६३ साली कापसातील लबाडीविरुद्ध खास कायदाच केला. ही लबाडी शेतकऱ्याची, असे इंग्रज व्यापारी म्हणत. शेतकरी दलालाकडे बोट दाखवी आणि दलाल जिनिंगवाल्याकडे. दोष कोणाचा हे ठरविणे अवघड होते, कारण शेतापासून बंदरापर्यंत एकाही ठिकाणी सर्वांना दिसेल असे माप नव्हते.

बाजारात तर माप लपविण्याचीच रीत होती. आडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत, आणि ज्याचा माल तो शेतकरी गाडीशेजारी उभा राहून त्या रुमालाकडे पाहत असे. भाव ठरल्यावर मग कडता, तोलाई, धर्मादाय अशा वजावटी सुरू होत. पुढे १९२७ साली मुंबई इलाख्यात कापूस बाजाराचा कायदा झाला, त्याखाली खानदेशात नियंत्रित बाजार उभे राहिले, आणि बोली उघड्यावर आली. त्या बाजारांतल्या हमाल-मापाड्यांत मी पुष्कळ काम केले आहे. तेथे एक गोष्ट मी पाहिली. मापाडी चोख असला तरी काटा शेतकऱ्याच्या बाजूला वळलेला नसेल, तर शेतकऱ्याचा विश्वास बसत नाही. आणि बसू नयेच. मापाड्याचा चोखपणा हा त्याचा वैयक्तिक गुण झाला. बाजाराचा गुण काट्याचे तोंड कोणीकडे आहे यावर ठरतो.

आता अमळनेरला येऊ. १९०६ हे साल खानदेशाच्या इतिहासात दोन कारणांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या साली सरकारने खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग केले, जळगाव एकाचे ठाणे झाले आणि धुळे दुसऱ्याचे. आणि त्याच साली श्रीमंत प्रतापशेठ यांनी अमळनेरला प्रताप मिल काढली. कापूस जेथे पिकतो तेथेच कापड विणावे, हा विचार त्या काळी धाडसाचा होता. पण प्रतापशेठांचे वेगळेपण पुढेच दिसते. १९१६ साली त्यांनी गावात तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. तेथे विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देऊन वेदान्त आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञान यांचा अभ्यास करविला जाई. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखा, हिंदुस्थानातल्या त्या काळच्या पहिल्या प्रतीच्या विचारवंतांपैकी एक, बंगालमधून येऊन या मंदिराचा प्रमुख झाला होता, आणि येथून निघणारे तत्त्वज्ञानविषयक त्रैमासिक परदेशांतही वाचले जात असे. १९४५ साली प्रताप कॉलेज निघाले. गिरणीच्या नफ्यातून शाळा-कॉलेजे काढणारे धनिक पुष्कळ झाले. ज्ञानासाठी ज्ञान, अशा विषयाला पैसा देणारा विरळा. शेठजींची ही दृष्टी मी मनापासून मोठी मानतो.

परंतु कामगाराच्या बाजूने पाहणाऱ्याला एवढ्यावर थांबता येत नाही. १९०६ साली प्रौढ पुरुष कामगाराने दिवसाला किती तास राबावे, यावर हिंदुस्थानच्या कायद्यात मर्यादाच नव्हती. कापड गिरण्यांसाठी बारा तासांची मर्यादा आली ती १९११ च्या कायद्याने. आठवड्याला साठ तासांची १९२२ मध्ये. अठ्ठेचाळीस तासांची तर स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी, १९४६ मध्ये. हे एका गिरणीबद्दल नाही, देशातल्या सगळ्याच गिरण्यांबद्दल आहे. ज्या गावात ब्रह्म आणि माया यांची सूक्ष्म चर्चा चाले, तेथेच साचावरच्या माणसाचा दिवस कोठे संपतो याचा हिशेब कायद्याच्या हाती होता, आणि कायदा सावकाश चालत होता. दानाची पाटी दर्शनी भिंतीवर असते आणि पगाराचे पुस्तक कपाटात असते. व्यवसायातला उत्तमपणा पाहावयाचा तर दोन्ही एकत्र उघडून पाहिली पाहिजेत, असे माझे मत आहे.

साच्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. त्या काळी मुंबईसह पुष्कळ गिरण्यांत रीत अशी होती की कापडात दोष निघाला तर ते कापड विणकऱ्याच्याच गळ्यात मारावयाचे आणि त्याची किंमत पगारातून कापावयाची. दोष सुतात होता की साच्यात होता की हातात, हे ठरविणारा अधिकारी गिरणीचाच, आणि कापडाची तपासणी व्हायची ती विणकऱ्याच्या पाठीमागे, घडीखात्यात. उत्तम कापडाचा आग्रह होता, यात शंका नाही. पण त्या आग्रहाचे माप झाकलेले होते. १९३६ च्या वेतन कायद्याने यावर बंधन घातले. दंड रुपयाला अर्ध्या आण्याहून अधिक नको, तो नोंदवहीत लिहिला पाहिजे, आणि नुकसानीबद्दल पगार कापण्यापूर्वी कामगाराला आपली बाजू मांडू दिली पाहिजे. या शेवटच्या अटीला मी फार महत्त्व देतो. तिच्यामुळे विणकरी प्रथमच आपल्या कामाच्या दर्जाविषयी बोलण्याचा अधिकारी ठरला.

तत्त्वज्ञान मंदिरात शिकावयास आलेल्या तरुणांत एक कोकणातला मुलगा होता, पांडुरंग सदाशिव साने. १९२४ साली ते अमळनेरच्या हायस्कुलात शिक्षक झाले आणि १९३० पर्यंत तेथे राहिले. गुरुजींचे नाव निघाले की आपले लोक डोळे पुसावयास लागतात आणि मुद्दा राहून जातो. मुद्दा असा की ते छात्रालयाचे काम अतिशय नेटके करीत. मुलांना पहाटे उठविणे, खोल्या झाडणे, कंदिलाच्या काचा पुसणे, मुले शाळेत गेल्यावर त्यांचे कपडे धुऊन ठेवणे. आणि ‘छात्रालय’ हे दैनिक हाताने लिहून काढणे. रोजचे दैनिक, तेही हस्तलिखित! कोणी पाहत नसताना काच स्वच्छ पुसणे आणि सर्वांनी वाचावे म्हणून रोज अक्षर सुंदर काढणे, ही एकाच स्वभावाची दोन अंगे होती. व्यक्तिजीवनातला उत्तमपणा म्हणून मला हेच चित्र दिसते.

१९३० साली शाळा सोडून ते सत्याग्रहात उतरले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात ते होते, तेव्हा विनोबाही तेथेच होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी एक याप्रमाणे अठरा रविवार, विनोबा गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले आणि गुरुजींनी ते उतरवून घेतले. ‘गीता प्रवचने’ या पुस्तकाच्या प्रती पुढे देशातल्या अनेक भाषांत गेल्या. विनोबांची वाणी मोठी खरीच. पण ती आपल्यापर्यंत आली एका चोख लेखनिकाच्या हाताने. हा हात नसता तर तो शब्द धुळे तुरुंगाच्या भिंतीत विरला असता. कारखान्यातही असेच असते, आणि नाव मात्र एकाचेच होते.

धुळ्याचे नाव आले आहे तर आणखी एका माणसाला वगळून पुढे जाता येत नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी आपले अखेरचे दिवस धुळ्यात काढले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच देह ठेवला. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात उभे राहिले. गावोगाव पायपीट करून, दप्तरे धुंडाळून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ बावीस खंडांत छापली. त्यांची मते तिखट होती आणि त्यांतली कित्येक आज कोणी मानीत नाही. पण मते चुकली हे आपल्याला कळते कशावरून? त्यांनी मूळ कागद छापून ठेवले, त्यावरून. स्वतःला खोडून काढण्याचे साधन वाचकाच्या हाती देणारा विद्वान मला उत्तम वाटतो. व्यापाऱ्यांत ही रीत आली तर काय होते, हे पाहावयास पुन्हा अमळनेरला जावे लागेल.

२९ डिसेंबर १९४५ रोजी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी नोंदली गेली. महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनी तिचा कारखाना अमळनेरला काढला. भुईमुगाचा पट्टा, रेल्वे आणि बाजार, तिन्ही जवळ. ‘सनफ्लॉवर’ वनस्पती आणि तेलाच्या उरल्यासुरल्यातून ‘७८७’ हा कपडे धुण्याचा साबण, हा तिचा माल. तीच पुढे विप्रो झाली, हे आपण जाणता.

वनस्पती तुपाला त्या काळी चांगले नाव नव्हते. तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन मिसळला की ते थिजते आणि तुपासारखे दिसते. आणि तुपासारखे दिसते म्हणूनच तुपात मिसळले जाते. गांधीजींनी त्याविरुद्ध लिहिले होते. वनस्पतीवर बंदी घालावी किंवा तिला रंग द्यावा, असे वाद स्वातंत्र्यानंतर पुष्कळ वर्षे चालले. शेवटी उपाय निघाला तो मोठा मासलेवाईक आहे. प्रत्येक कारखानदाराने आपल्या वनस्पतीत ठरावीक प्रमाणात, शेकडा पाच, तिळाचे तेल घातलेच पाहिजे, असा नियम झाला. तिळाच्या तेलात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि थोडे फरफ्युरल टाकून हलविले की लालसर रंग येतो. याला बाउडोइन चाचणी म्हणतात. म्हणजे तुपात कोणी वनस्पती मिसळली तर काचेच्या नळीत ते तूप लाल होऊन स्वतःच साक्ष देई. कारखान्यातून निघालेला प्रत्येक डबा आपला साक्षीदार पोटात घेऊन निघू लागला. मला वाटते, वनस्पतीच्या धंद्याला थोडीफार अब्रू आली ती जाहिरातीपेक्षा या पाच टक्के तिळाने.

१९६६ साली महंमद हुसेन प्रेमजी वारले आणि अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकणारा त्यांचा एकवीस वर्षांचा मुलगा, अझीम, शिक्षण अर्धे टाकून परत आला. त्या वेळची एक हकीकत सांगतात. शेंगदाणा खरेदी करताना जाणते लोक दाणा हातात चोळून, दाताखाली धरून, त्यातून तेल किती निघेल याचा अंदाज बांधीत. नव्या मालकाने हा अंदाज बंद करून नमुना दळून तेल मोजण्याची पद्धत आणली. मी त्या जुन्या मुनिमांची टवाळी करणार नाही. त्यांची जीभ ही एक विद्याच होती. पण मुनिमाच्या दाताशी शेतकऱ्याला वाद घालता येत नाही. आकड्याशी घालता येतो. मोजणी मालकाच्या फायद्यासाठी आली हे उघड आहे. तरी एकदा आकडा कागदावर आला की तो दुसऱ्यालाही मागता येतो, आणि माझ्यासारख्याला एवढी फट पुरते.

पुढची कथा अमळनेरबाहेरची आहे, ती थोडक्यात सांगतो. १९७० नंतरच्या वर्षांत कंपनीने आपली व्यवहाराची तत्त्वे लिहून काढली, १९८० नंतर ती संगणकाच्या धंद्यात गेली, आणि सॉफ्टवेअरच्या कामातला दर्जा मोजणाऱ्या अमेरिकन पद्धतीत पाचवी म्हणजे सर्वांत वरची पायरी तिने १९९८ साली गाठली. शेंगदाण्याला लावलेली शिस्तच तेथे दुसऱ्या मालाला लावली गेली, असे म्हणावयास हरकत नाही. २०१९ मध्ये अझीम प्रेमजींनी कंपनीतील आणखी ३४ टक्के भागांचे उत्पन्न धर्मादाय कामाला दिले. आधीचे धरून ते ६७ टक्के झाले.

अमळनेरला मात्र या कंपनीची आठवण वेगळ्या कारणाने निघते. १९४६ साली तिचे शेअर विक्रीस निघाले तेव्हापासून गावातल्या अनेक घरांत ते गेले, आणि ज्यांनी ते न विकता ठेवले ती घरे श्रीमंत झाली. वर्तमानपत्रे हे मोठ्या कौतुकाने छापतात. मला त्यात एक फरक दिसतो, तो कोणी छापीत नाही. कंपनीच्या भागधारकांची नोंदवही कंपनी कायद्याप्रमाणे कोणाही माणसाला फी भरून पाहता येते. कामगारांची नोंदवही मात्र १९४८ च्या कारखाने कायद्याने इन्स्पेक्टरने मागितली तर दाखवावयाची होती. खुद्द त्या वहीत ज्याचे नाव त्याला ती पाहण्याचा तसा हक्क लिहिलेला नव्हता. भाग घेणाऱ्याचे माप उघडे आणि राबणाऱ्याचे झाकलेले, असे हे झाले.

मालकवर्गाने स्वतःचे माप उघडे केल्याची एक गोष्ट जळगावची आहे. वाकोदचे भवरलाल जैन यांनी १९६३ साली घरची सात हजारांची पुंजी घालून रॉकेलची एजन्सी घेतली. १९७८ मध्ये केळीच्या भुकटीचा बंद कारखाना विकत घेऊन तेथे पपईच्या चिकापासून पपेन काढले. पुढे पाइप आणि ठिबक सिंचन. शेतकऱ्यांत त्यांचे नाव झाले ते मालाच्या दर्जामुळे. १९९० नंतर कंपनी भलत्याच धंद्यांत पसरली आणि मोठ्या तोट्यात आली, तेव्हा त्यांनी भागधारकांची जाहीर माफी मागितली. आपल्याकडे उद्योगपती तोट्याचे खापर सरकारवर, बाजारावर, आणि हमखास युनियनवर फोडतात. हा मनुष्य ‘निर्णय माझा चुकला’ म्हणाला. ते २०१६ साली वारले. २०१९ मध्ये कंपनी पुन्हा कर्जाच्या फेऱ्यात सापडली, म्हणजे उत्तमपणा एकदा मिळवून पिढ्यान्‌पिढ्या टिकतो असेही नाही. तरी त्या माफीची किंमत कमी होत नाही.

आता श्रोत्यांतून कोणी विचारील, आणि विचारलेच पाहिजे, की तुमच्या संघटनांचे काय? वर्गणीची पावती दिली का, सभेचा वृत्तांत लिहिला का, लढ्याच्या फंडाचा हिशेब फळ्यावर लावला का? १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात सभासदाला संघटनेच्या हिशेबाच्या वह्या पाहण्याचा हक्क लिहिला होता. जी संघटना हा हक्क सभासदांना सांगत नाही तिला गिरणीमालकाची वही मागण्याचे तोंड नाही, असे मी आमच्या लोकांना सांगत आलो आहे, आणि ते सर्वांना आवडते असे नाही.

काही वर्षांपूर्वी एका तेलाच्या कारखान्यात आमचा पगाराचा करार चालला होता. नाव सांगत नाही. फाटकावर ‘गुणवत्ता हाच धर्म’ अशी मोठी पाटी होती, आणि आत घाण्याशेजारची प्रथमोपचाराची पेटी रिकामी होती. आम्ही मागण्यांत एक कलम घातले: दर शनिवारी किती माल आला, किती तेल निघाले, किती वाया गेले, कोणाला इजा झाली, हे आकडे फाटकाजवळच्या फळ्यावर लिहावेत. पगारवाढ दोन महिन्यांत ठरली. हे कलम मान्य व्हावयास आठ महिने लागले. आकडे बाहेर गेले तर शेजारचा कारखानदार हसेल, अशी मालकाला भीती होती. शेवटी फळा लागला. पहिल्या काही आठवड्यांतच वाया जाणाऱ्या तेलाचा आकडा पाहून घाण्यावरच्या लोकांनी स्वतःच सांगितले की एका यंत्राची जाळी बदलावयास हवी. ते पूर्वीपासून त्यांना ठाऊक होते, विचारले कोणी नव्हते. पेटीही भरली गेली. आणि पुढच्या उन्हाळ्यात मालकाने त्या फळ्यावर आमच्या मागणीत नसलेली एक ओळ आपण होऊन वाढविली: गिऱ्हाइकाकडून परत आलेले डबे किती.